आव्वाचा फुटका टेप

आव्वा, आप्पांनी तुझा टेप दुरुस्त केला. एवढंच तुला सांगायचं होतं, कारण सांगायला दुसरं कुणी नाही. शेजारणीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "बघ की, म्हाताऱ्याचा किती जीव हुता बायकोवर." ते ऐकून घ्यायचं त्राण माझ्यात नाही.

तो टेप मामानं दिलेला. मी हायस्कुलात होते. मामा तुझ्या माहेराहून, चिकोडीहून एस.टी.नं आला तो मांडीवर खोकं सांभाळतच. रेडिओ आणि कॅसेट एकातच, वर धरायला मूठ. तू पदरानं पुसून तो स्वयंपाकघरात कट्ट्यावर ठेवलास. कसबा बावड्यातल्या आपल्या घरात कानडी येणारी तू एकटीच. आमच्याशी मराठीच बोलायचीस, आम्हाला कानडी शिकवायच्या भानगडीत पडली नाहीस; आईला आव्वा म्हणायचं एवढंच मला येत होतं. पण दुपारी कानडी स्टेशन लावायचीस आणि भाकरी थापता थापता रेडिओतल्या बाईला उत्तरं द्यायचीस. तिनं काही विचारलं की तुझं "हौदू, हौदू", म्हणजे हो, हो, सुरू. मला हसू यायचं. आता वाटतं, दिवसभरात तुझ्याशी तुझ्या भाषेत बोलणारं तेवढंच एक माणूस होतं.

मग आप्पा कामाला होते ती शिरोलीतली फौंड्री बंद पडली. त्या वर्षी ते घरातच बसून असायचे, दाढी वाढलेली, कुणी दारात आलं की आत उठून जायचे. आणि ती दुपार. तू चुलीपुढं आहेस, रेडिओवर कसलीतरी श्रुतिका चालू आहे, आणि तू एकदम मोठ्यानं हसतेस. आप्पा सोप्यातून उठून येतात. "काय दात काढाय लागलीस गं? माझ्याकडं बघून हसतीस व्हय?" तू हातानंच नाही नाही म्हणतेस, पण हसू अजून तोंडावर तसंच आहे. आप्पा टेप उचलतात आणि परड्यातल्या धुण्याच्या दगडावर आपटतात. मी दारात उभी आहे. तू चुलीवरची भाकरी उलटतेस, ती भाजून झाल्यावर मगच बाहेर जातेस, आणि सगळे तुकडे वेचून जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधतेस. पुढं तू आप्पांना जेवायला वाढलंस, त्यांचं अंग चेपलंस, त्यांना दुसरीकडं काम लागलं तेव्हा त्यांचा डबाही केलास. पण त्या घरात पुन्हा कानडी ऐकू आली नाही. कावीळ होऊन तू गेलीस तेव्हा शेवटी शेवटी काहीतरी पुटपुटत होतीस. ते कानडी होतं. आम्हा दोघांनाही ते कळलं नाही.

आता आप्पांची उजवी बाजू गेली आहे. बोलणं जड झालंय, पण डोकं शाबूत आहे. माझं लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. सकाळी त्यांचं सगळं उरकून मी कागलच्या एमआयडीसीत कामाला जाते, संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले की पाय घराकडं वळत नाहीत. त्यांना कुशीवर वळवायचं, पुसून घ्यायचं, भरवायचं. त्यांना लाज वाटते म्हणून ते चिडतात, आणि ते चिडले की मीही चिडते. असंच चाललेलं असताना दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून तुझं ते गाठोडं खाली आलं. मी ते भंगारात टाकणार होते. आप्पा खाटेवरून ओरडले, "ठेव. हिकडं आण."

"काय करायचंय त्याचं?"

"नीट करायचंय."

"एका हातानं?"

"तुझं दोन हायत की," ते म्हणाले.

मला राग आला, आव्वा. ज्यानं फोडलं त्यालाच आता जोडायचं होतं, आणि त्यासाठी हात माझे. तरी मी बसले. दर रविवारी त्यांच्या खाटेवर वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघं बसायचो. सेलच्या खणात हिरवा गंज चढलेला, तो मी घासून काढला. कॅसेट फिरवणारा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता, बोटाला लागला तर साबणानंही निघेना. मी तो घेऊन शाहूपुरीत दुकानं हिंडले. एक दुकानदार म्हणाला, "आवं ताई, मोबाइलच्या जमान्यात हे कशाला काढलासा?" मी म्हटलं, "घरचं म्हातारं माणूस ऐकत न्हाय." त्यानं आत शोधून पट्टा दिला, आणि रेडिओच्या पोटातली काळी कांडी दुभंगली होती ती जोडायचा गोंदही दिला. त्या कांडीवरच स्टेशन पकडतं म्हणाला. आप्पांनी ती डाव्या हातात धरली, मी गोंद लावला, आणि तो वाळेपर्यंत त्यांनी हात हलू दिला नाही. कपाळावर घाम आला होता. मी म्हटलं, "द्या, मी धरते." त्यांनी मान हलवली. "न्हाय. ऱ्हाऊ दे."

काल तो लागला. कॅसेटचा भाग नीट चालत नाही, आवाज रडल्यासारखा येतो. पण रेडिओ लागला. मी काटा फिरवत होते आणि आप्पा मला टेप इकडं वळव, तिकडं वळव सांगत होते. एका कोनात खरखर बाजूला झाली आणि एक बाई कानडीत बोलायला लागली. आवाज तरुण होता, तुझी ती बाई नव्हे. मी टेप तसाच धरून बसले. आप्पांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपले. मग त्यांनी विचारलं, "काय म्हणाय लागलीया?"

मी म्हटलं, "मला कुठं कळतंय?"

बराच वेळ ती बाई बोलत राहिली. ताटात भात गार होत होता. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि त्यांना भरवून झाल्याशिवाय मला पाठ टेकता येत नव्हती. मी घास पुढं केला तर त्यांनी तोंड फिरवलं. भिंतीकडं बघत म्हणाले, "अजून राग हाय काय गं तिला?"

तुझ्या वतीनं बोलायचा मला काय अधिकार? तू त्यांना कधी माफ केलंस का, हे मला माहीत नाही. तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. नीट विचार केला असता तर कदाचित गप्प बसले असते. पण माझा हात अवघडला होता, कंबर धरली होती, आणि भात निवत होता. मी म्हटलं, "न्हाय आप्पा. कवाच गेला तिचा राग."

त्यांनी तोंड उघडलं आणि सगळा भात खाल्ला.

हे लिहिलेले कागद मी जपून ठेवणार नाही आणि पाठवायला पत्ताही नाही. पण खरं ते सांगते, आव्वा. मी त्यांच्यावर दया आली म्हणून तसं म्हणाले नाही. मी दमले होते, आणि मला झोपायचं होतं.