ह्यांचं हेल्मेट मी नेलंय

आई,

दूध तापवून झाकलंय. गुडघ्याचं मलम खिडकीत आहे. गॅसवाला आला तर रिकामी टाकी दाराशीच ठेवलीय. ह्यांचं वेल्डिंगचं हेल्मेट मी नेलंय, खुंटीवर शोधू नका.

आजपासून ह्यांच्याच वर्कशॉपमध्ये शिकाऊ वेल्डर म्हणून रुजू होतेय. दोन वर्षं शिकायचं, तोवर सरकार विद्यावेतन देणार, मग परीक्षा. काल तुम्ही म्हणालात, "त्याला जाऊन वर्ष झालं नाही तोच माझ्या लेकाची जागा बळकावायला निघालीस!" मी दार आपटून आत गेले. तसं करायला नको होतं.

रोज दुपारी तुम्ही ते हेल्मेट मांडीवर घेऊन बसता, मला ठाऊक आहे. म्हणून आतला पट्टा आवळलेला नाही, ह्यांच्याच मापावर ठेवलाय. सैल होतं, तर माझी ओढणी कोंबते आत. पाचला आणून परत टांगीन, पण आजची दुपार तेवढी कशी काढाल कोण जाणे.

भाकरी डब्यात आहे, रागावून उपाशी राहू नका.

शिकाऊ वेल्डरचा माझ्या नावाचा अर्ज ह्यांनीच भरला होता, दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात.