चिमीला दूध आलं

४ फेब्रु.
लेक नेहा बाळंतपणाहून घरी आली, माहेरी. आमची कुत्री चिमी तिच्या खोलीचं दार सोडत नाही. चिमीच्या ऑपरेशनला दहा दिवस, टाके कोरडे. पण पोटाखाली हात गेला तर ओलं. पिशवी काढलेल्या कुत्रीला दूध? कोणाला बोलले नाही.

५ फेब्रु.
दुखत असेल म्हणून गरम फडक्याने शेकलं. नेहाच्या अळिवाच्या खिरीतली वाटीभर तिलाही. तेवढंच बिचारीला बरं.

७ फेब्रु.
बाळाचं टोपडं सापडेना. चिमीच्या पोटाशी निघालं. नेहा घ्यायला गेली तर दात दाखवले. सात वर्षांत पहिल्यांदा. हे म्हणाले, "बारशाच्या आत हिला मुरबाडला, भाऊंच्या शेतावर."

८ फेब्रु.
कोपरीला डॉ.कडे. "माजावर कधी आलेली म्हणालात?" ऑपरेशनच्या वेळी मी चार महिने झाले म्हणून ठोकून दिलेलं. खरे पाच आठवडे. नेहा यायच्या आधी उरकायचं होतं, थांबा म्हणाले असते तर... आज खरं सांगितलं. डॉ. चिडले नाहीत, तेच जास्त लागलं.
म्हणाले, माजानंतर पिल्लं राहोत न राहोत, दोनेक महिने प्रोजेस्टेरॉन चढलेलं असतं. अंडाशयं मध्येच काढली, ते एकदम उतरलं आणि प्रोलॅक्टिन वाढलं. दूध त्याचं, टोपडं जपणंही त्याचंच. "शेकू नका, दूध वाढतं. खीर बंद. बाळापासून लांब. ती फिरायला गेली की टोपडं हळूच उचला."
म्हणजे सगळीकडे मीच. औषध दहा दिवस. बारसं तीन दिवसांवर आलं.

९ फेब्रु.
घरी "हार्मोन्सचं आहे" एवढंच सांगितलं. हे: "हार्मोन असो नाहीतर भूत, घरात तान्हं बाळ आहे." खरंय. भीती मलाही वाटते. पण चूक माझी नि मुरबाडला ती?

१० फेब्रु.
सांगून टाकलं दोघांना. नेहा म्हणाली, "माझ्यासाठी केलंस असं मात्र म्हणू नकोस, आई." तेच म्हणणार होते.

११ फेब्रु.
बारसं पार पडलं. चिमी बाल्कनीत बंद. पाळण्यात बाळ रडलं की दार खरवडायची, पाहुणे माझ्याकडे बघायचे. नेहा म्हणाली, औषध संपेपर्यंत बघू. यांच्या खिशात मात्र गाडीची किल्ली तशीच.
संध्याकाळी हे चिमीला फिरवायला घेऊन गेले. टोपडं उचललं, अजून कोमट होतं. कपाटात टाकलं.
परत आली. बिछान्याखाली शोधलं, पलंगाखाली शोधलं. मग येऊन माझे हात हुंगत बसली.