क्लिपलेस म्हणजे क्लिप असलेलं

ॲडम्सटाउन,
ऑगस्ट २०१७

प्रिय शैलेंद्र,

तू शुक्रवारी घरी येतोस, रोज फोनही होतो, मग बायकोने कासलबारला तुझ्या नोकरीच्या पत्त्यावर पत्र का लिहावं, असं तुला वाटेल. फोनवर तू आधी माझ्या गुडघ्याची चौकशी करतोस आणि मी ‘ग्रँड’ म्हणून मोकळी होते. इथे आयर्लंडमध्ये ‘ठीक आहे’साठी हा शब्द फार सोयीचा आहे. पाय प्लॅस्टरमध्ये असलेला माणूसही ग्रँड असतो! कागदावर तू मध्ये बोलणार नाहीस, म्हणून लिहितेय. परवा जाता जाता तू म्हणालास की अकिल बेटावरच्या सायकल राइडमधून नाव काढून घेतो, चित्राला घरी बसवून मी कुठे हुंदडू. तेव्हाच ठरवलं, आता सांगायचं.

मुळापासून सांगते. तू मला सायकल आणलीस, तिच्या पेडलांवर पुढे पिंजरा होता आणि त्याला पट्टा. त्यात पाय घालायची मला धास्ती वाटायची. तुला न सांगता नेटवर शोधलं, तर ‘क्लिपलेस पेडल’ सापडलं. शुगरलेस म्हणजे साखर नाही, तसं क्लिपलेस म्हणजे पाय अडकायची भानगडच नाही, असं मी धरून चालले. दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढून पोट भरणारी बाई मी, पण खालची बारीक अक्षरं काही वाचली नाहीत. त्या पिंजऱ्यालाच क्लिप म्हणतात, तो गेला म्हणून नाव क्लिपलेस, आणि त्याच्या जागी बुटाच्या तळालाच खटका, हे मला फार उशिरा कळलं. सोबत बूट आले तेव्हा तर मी खूशच झाले. तुला ऐटीत फोन केला की मी क्लिपलेस घेतले. अगं, तू तर एकदम प्रो झालीस, म्हणालास. तुझा तो आनंद आठवला की अजून कानशिलं तापतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनसमोर, ऐन ऑफिसच्या गर्दीत, सिग्नल लाल झाला. पाय वर उचलायला गेले तर तो निघेना. टाच बाहेर वळवायची असते हे मला कुठे माहीत! सायकल थांबली, मी थांबले, आणि मग आम्ही दोघी अगदी सावकाश डावीकडे आडव्या झालो. आपल्या शेजारची यामिनी आणि तिचा नवरा गाडी पकडायला चालले होते, त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. एका आयरिश आजोबांनी घोड्याची नाल बघावी तसा माझा पाय हातात धरून बूट सोडवला. यू आर ग्रँड, लव्ह, म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी तू विचारलंस, आज चालवलीस का? मी म्हटलं, नाही रे, गुडघा दुखतोय. पन्नाशीची बाई गुडघा म्हणाली की आपल्याकडे पुढे कोणी काही विचारत नाही. भीती वाटते हे सांगायची लाज वाटली, गुडघा कसा अब्रूदार! पण तू पुढेही विचारणारा माणूस आहेस, एवढं मला सुचायला हवं होतं. तू वाचलंस, लोकांना विचारलंस, आणि गुडघ्याला जपणारी पेडलं शोधून काढलीस. त्यात म्हणे पाय अडकलेला असला तरी टाच डावी-उजवीकडे थोडी हलते, म्हणून गुडघ्याला पीळ पडत नाही. बुटाचा खटका नेमक्या जागी बसावा म्हणून स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून तू माझ्या अंगठ्याखालचं हाड चाचपलंस, पेनाने खूण केलीस. मी खुर्चीत राणीसारखी बसून होते. माझा गुडघा कधीच दुखला नव्हता, शैलेंद्र. एक दिवसही नाही.

आणि आता तू हॉस्पिटलमधल्या ओळखीने माझ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीस. इथे लोक त्या वेळेसाठी महिनोन्‌महिने थांबतात, खरोखर लंगडत थांबतात. ती वेळ मी आज सकाळीच फोन करून सोडली. पलीकडची बाई म्हणाली, बरं वाटतंय का आता? मी ‘ग्रँड’ म्हणून फोन ठेवला. अक्षयाला सगळं माहीत आहे. ती आठवडाभर एकच म्हणतेय, आई, जस्ट टेल हिम.

म्हणून हे खोकं. त्यात तू माझ्यासाठी निवडलेली पेडलं आहेत, बुटाचे खटकेही. काढताना डावं पेडल मी नुसतं आवळत बसले, बोटं सोलवटली. ते उलट्या बाजूने फिरतं हे अक्षयाने शोधून सांगितलं. माझ्या सायकलला आता साधी, चपटी पेडलं लावलीत आणि काल मी चपला घालून कॅनॉलपर्यंत जाऊन आले. त्या दिवशी फरशीवरून उठताना तुझा गुडघा वाजला होता. तू ओट्याला धरून उभा राहिलास, क्षणभर डोळे मिटलेस आणि मला विचारलंस, तुला फार नाही ना दुखत? तुझ्या गुडघ्याचं मी तेव्हाही विचारलं नाही, आजवर नाही. ही पेडलं तू तुझ्या सायकलला लाव आणि राइडमधून नाव काढू नकोस. शुक्रवारी फरशीवर मी बसेन, खुर्चीत तू.

तुझीच, चपलेतली,
चित्रा