निमगोरी

प्रिय पुष्पांजली,

या देशात माणसाला एखाद वेळेस न्याय मिळेल, पण चिखलीत टॅब्लेटच्या पेनाची निब मिळणार नाही. काल माझी झिजून संपली. तीन दुकानं फिरलो. एकाने बॉलपेनची रिफिल दाखवली, दुसऱ्याने नवा मोबाईल घ्यायला सांगितलं, तिसरा म्हणाला, "काका, या वयात आता कशाले पाह्यजे?" आठवड्याला चार पुढाऱ्यांची नाकं वाढवणाऱ्या व्यंगचित्रकाराचा हा असा भर बाजारात अपमान. म्हणून आज कागद-पेन घेऊन बसलोय.

तीन वर्षांनी तुझा मेसेज आला. "नवशिक्याने कॅरेक्टर स्केच आणि डिजिटल रंगकाम कसं सुरू करावं? टिप्स पाठवा." ना मामा, ना नमस्कार. लोक कुरिअरवाल्याशी याहून गोड बोलतात. पण तक्रार नाही. तुझ्या आईच्या तेरवीला, साखरखेर्ड्याच्या घरी, मी करून आणलेली तिची तसबीर बघून तू "ही माझी आई नाही" म्हणालीस आणि उठून गेलीस. त्यानंतरचं हे पहिलंच बोलणं. तेव्हा टिप्स घे.

डोळ्यांपासून सुरुवात करू नकोस. नवशिके पापण्या मोजत बसतात आणि माणूस हवेत लटकतो. आधी तो उभा कसा राहतो, ते पाच-सहा हलक्या रेघांत पकड. वजन कुठल्या पायावर, खांदा कुठला उतरलेला. तुझी आई अंगणवाडीच्या दारात उभी राहायची ती डाव्या पायावर, पदर खोचलेला, हात कमरेवर आणि अंगठा पुढे, जणू भांडायला निघालीय. भांडली कधीच नाही, तो भाग वेगळा. एवढं जमलं की सगळी आकृती काळ्या रंगाने भरून बघ. नाक-डोळे नसताना ओळखू आली, तरच पुढे जा. तुझ्या वडिलांचं सोपं आहे. राजकुमारराव कुठल्याही चित्रात कुणाच्या तरी मागे उभे असतात, बहुधा स्वतःच्या आईच्या.

आता रंग. रेघा एका लेयरवर, रंग त्याच्या खालच्या लेयरवर. रंग चुकला तरी रेघ शाबूत राहते. आधी नुसत्या करड्या छटांत उजेड-सावली ठरव. सावलीत काळा ओतू नकोस आणि उजेडात पांढरा तर नकोच. सावळ्या कातडीत पांढरा मिसळला की राख फासल्यासारखी दिसते. तिच्यावरचा उजेड तांबूस असतो, सावली जांभळट. आणि चेहरा गुळगुळीत करणारा तो ब्रश माझ्यासारख्यांसाठी ठेव.

मी वीस-बावीस वर्षं त्यावरच जगतोय. वाढदिवसाचे फ्लेक्स, श्रद्धांजलीचे फ्लेक्स. ग्रुप फोटोतून चेहरा कापायचा, त्याला कोट चढवायचा, मग गिऱ्हाईक म्हणतं, "थोडं उजळ करा ना भाऊ." आमच्या तालुक्यात इतक्या वर्षांत सावळा माणूस मेलेलाच नाही. तेरवीच्या आधी तुझी आजी सोजराबाई तेच म्हणाली, "लोकं येतीन, जरा चांगली दिसू दे तिले." मी दिसू दिली.

तुला वाटतं, मी तिला एकदाच पुसलं. हे पत्र त्यासाठी आहे. तुझ्या आईचं, आमच्या वंदनाचं, लग्न जमवायचं होतं तेव्हा मी एका फोटो स्टुडिओत कामाला होतो. पाहुण्यांना पाठवायचा तिचा फोटो मीच उजळला, परिचयपत्रात 'निमगोरी' मीच लिहिलं. मोठा उपकार करतोय अशा थाटात. पाहायला राजकुमाररावांचे काका आले, तेही दिवेलागणीला. सोजराबाईने तिला पाहिलं ते थेट मांडवात. पुढे एकोणीस वर्षं, पोळी करपली तरी आणि आलेला पाहुणा न जेवता गेला तरी, तिने एकच ऐकलं, "त्या फोटोवाल्यानं फसवलं आमाले." तो फोटोवाला तिचा सख्खा भाऊ, हे तुझ्या आईने कुणालाही सांगितलं नाही. एका भाऊबीजेला फक्त म्हणाली, "दादा, औंदा ओवाळणीत साडी नको. मी आहे तशी काढून दे एकदा." पुढच्या दिवाळीला देतो म्हटलं आणि पुढाऱ्यांचे शुभेच्छा फ्लेक्स करत बसलो.

परवा साखरखेर्ड्याला गेलो. तुझ्या वडिलांसमोर सोजराबाईला सांगितलं, मावशी, तो फोटोवाला मीच. तिने हातातलं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "अन् ते मरेपर्यंत बोलली नाही." राजकुमारराव तेवढ्यात बाहेर निघून गेले. मला कुणी बस म्हणालं नाही. स्टूल मीच ओढलं, भिंतीवरची तसबीर उतरवली आणि सोबत नेलेली लावली. आहे तशी.

मामा लिहायचं की नाही ते तू ठरव. तोवर नुसताच तुझा,

गोविंदा