बाबांच्या फोटोपुढचा ग्लास

रविवार, संध्याकाळ

अजून डोकं सुन्न आहे. आज मानपाड्याला घरी पाहुण्यांना आमच्या नाशिकच्या मळ्यातली वाइन चाखायला दिलेली. रेडबरोबर मी तळलेले बोंबील मांडले, तर आई आतून म्हणाली, "बोंबलाबरोबर ही लोखंडासारखी लागते रे. पांढरी दे. ही मटणाला ठेव."

दारूच्या वासानेही नाक दाबणारी आई. तिला कसं माहीत?

बाबा गेल्यापासून दरवर्षी नवी वाइन ती स्टीलच्या ग्लासात, जेवणाच्या ताटासोबत बाबांच्या फोटोपुढे ठेवते. मला वाटायचं, नंतर माडाच्या मुळाशी ओतते.

पाहुणे गेल्यावर विचारलं. तोच स्टीलचा ग्लास पुसत म्हणाली, "त्यांनी लावलेल्या वेलांची आहे. ओतून कशी देऊ?"

म्हणजे पाच वर्षं ती बाबांबरोबर जेवतेय. आणि मी शेजारच्याच खोलीत असतो.