प्रभूच्या पोटातली माझी किडनी

४ फेब्रु. ८७, बीदर
सकाळी चिटगुप्प्याहून धाकटा भाऊ आला, प्रभू. पायांना चपलेचा पट्टा सुजेत रुतलेला. लघवी कमी झालीय, आठवडाभर लपवलं. "कामून सांगितलं न्हाईस?" तर म्हणतो, "कुठल्या तोंडानं सांगू, अक्का?" माझी किडनी त्याला बसवून वर्षही झालं नाही. शाळेत रजा कळवली. दुपारची बस.

५ फेब्रु., हैदराबाद
रक्ताचा रिपोर्ट वाईट. डॉक्टर म्हणाले, शरीर किडनी नाकारत असेल, नाहीतर ते नाकारणं थांबवायच्या गोळ्याच बाधल्या असतील. दोन्हीचे उपचार एकमेकांच्या उलट. सुई घालून किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला तरच नक्की कळेल. प्रभू अंग चोरून बसला. मागच्या खेपेला शेजारच्या खाटेवरच्याचं सुईनंतर रक्त थांबेना, ते त्यानं पाहिलंय. मी हात जोडले. सुईशिवाय काहीतरी बघा.

६ फेब्रु.
आज मशीनचा फोटो. शिरेत किरणांचं औषध टोचलं, पोटावर भला मोठा कॅमेरा. मला दारात उभं राहू दिलं. पडद्यावर ठिपके जमत गेले आणि ती दिसली. माझी. माझ्या अंगात होती तेव्हा कधी पाहिली नव्हती. फिकट, धूसर. औषध आत जायचं, पण पुढं सरकत नव्हतं. मनात म्हणत होते, चल गं बाई, चल.
आतून प्रभू, "अक्का, काय दिसायलंय?"
"चांगलं दिसायलंय."

८ फेब्रु.
फोटोवरून नाकारतेय असा संशय, खात्री नाही. तरी इंजेक्शनं चालू केली. त्यानं तोंड सुजलंय त्याचं. सरोजाचा, त्याच्या बायकोचा, ट्रंककॉल. "जेवायलाय," म्हणले. फोन ठेवून दिला.
संध्याकाळी माझ्यावरच खेकसला. "असं बघू नको. तुझी वस्तू मोडून ठेवल्यासारखं." जिन्यात जाऊन रडले. मनात आलं होतंच माझ्या. ती गेली तर मी उगाचच...

१० फेब्रु.
परत फोटो. तसाच. आता सुईशिवाय इलाज नाही, थांबलो तर किडनी हातची जाईल म्हणाले. प्रभू भिंतीकडं तोंड करून पडलेला. "तूच हो म्हण, अक्का. तुझीच हाय ती."
"न्हाई रे. आता तुझी हाय. तूच सांग."
कुशीवर वळून डॉक्टरांना म्हणाला, "घाला."
आत नेलंय. सरोजाला कळवलं नाही. कळवायला हवं होतं.