शेरा : आवाज येत नाही

प्रिय ताई,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. मोबाइलवर लिहून पाठवलेलं तू वाचत नाहीस हे मला ठाऊक आहे. "त्या डबीत बोलायचं, वाचायला माझे डोळे काय फुकटचे आहेत?" हे तुझंच वाक्य. तुझ्या भावजयीचा फोन मात्र उचललास आणि तिला म्हणालीस, "त्याला सगळं सांगितलंय, त्यालाच विचार." तेव्हापासून ती मला विचारतेय आणि मी काहीतरी काम काढून उठतोय. तू दुखावली आहेस एवढं मला कळलं आहे. पण तू तिकडे तोंड फिरवून बसलीस आणि मी इकडे, तर आपण बसूनच राहू, कारण हट्टाच्या बाबतीत दोघंही एकाच मातीचे. म्हणून मी आधी लिहितो. जरा लांबण लागेल, पण मला कुठलीही गोष्ट मधूनच सांगता येत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत?

आमच्या बंदरात गेलं वर्षभर जी खोदाखोद चालली आहे ती कशासाठी, हे तू मला मागे विचारलं होतंस. क्रेन जहाजातून कंटेनर उतरवते आणि खाली उभ्या असलेल्या गाड्या तो ओढत यार्डात नेऊन टाकतात. त्या सगळ्या गाड्या आजवर डिझेलच्या होत्या. आता एकेक करून बॅटरीच्या येताहेत. पुढे जहाजंसुद्धा धक्क्याला लागली की आपलं इंजिन बंद करून आमच्या तारेवर येणार. तू म्हणाली होतीस, "वीज तर आहेच की तुमच्याकडे, मग एवढं खणताय काय?" ताई, वीज होती ती क्रेनपुरती आणि दिव्यांपुरती. पाळी बदलली की सगळ्या गाड्या एकदम येणार आणि सगळ्यांना एकदम भूक लागलेली असणार. तेवढा भार पडला तर आमच्या सबस्टेशनने हातच जोडले असते. वीज कंपनी मोठी लाइन टाकून देणार आहे, पण ती येईल तेव्हा येईल. तोवर आहे त्यातच भागवायचं.

इथे मला तू आठवलीस, खरंच सांगतो. आपल्या घरात नळ एक, न्हाणी एक आणि सकाळी सहा माणसं. आई कामावर गेली की न्हाणीच्या दाराशी तू उभी. जो आधी उठला त्याचा आधी नंबर, असा तुझा कायदा कधीच नव्हता. ज्याला आधी बाहेर पडायचं तो आधी, बाकीच्यांनी दात घासत बसायचं. मी किती बोंब मारली तरी तू हलायची नाहीस. मी मीटिंगमध्ये उभा राहून तेच सांगितलं. जी गाडी आधी आली तिला आधी चार्जर लावायचा नाही, जिला आधी कामावर निघायचंय तिला लावायचा आणि बाकीच्यांनी थांबायचं. मला वाटलं, आता टाळ्या पडतील. वीज कंपनीकडून आलेल्या इंजिनिअरबाई शांतपणे म्हणाल्या, "बरोबर आहे मास्तर, आमच्या प्रोग्रॅममध्ये ते पहिल्या दिवसापासून आहे." मी खाली बसलो. तुझा कायदा जगात आधीपासून चालू आहे, एवढंच मला कळलं.

पण केबल मात्र माझ्या हातची आहे. त्यात मी कोणाला बोट घालू दिलं नाही. चर खणला, तळाला चाळलेली वाळू, त्यावर केबल, पुन्हा वाळू, मग फरशी आणि वर लाल पट्टी, म्हणजे उद्या कोणी खणलंच तर कुदळ लागायच्या आधी शहाणा होईल. खाऱ्या वाऱ्यात तांबं कसं हिरवं पडतं ते मी आयुष्यभर पाहिलं आहे, त्यामुळे प्रत्येक सांधा स्वतः तपासला. एका मुकादमाने वाळू न चाळता टाकली, तर मी ती उपसायला लावली. तो म्हणाला, "मास्तर, केबल काय उघड्या अंगाने झोपणार आहे?" मी म्हटलं, "हो, आणि तुझ्यापेक्षा जास्त वर्षं." यार्डात मला मीटरमास्तर म्हणतात हे तुला माहीत आहे. मी कोणत्या कॉलेजात गेलो नाही. जे शिकलो ते विजेच्या उघड्या पेट्यांसमोर उभं राहून शिकलो, आणि तिथे एकच गोष्ट पक्की केली : माणूस चुकेल, मीटर चुकत नाही. त्या वाक्याने किती जणांची तोंडं बंद केली असतील!

तर गाड्या आल्या. ताई, त्या चालतात ते कळतच नाही. म्हणून माणूस चाकाखाली जाऊ नये यासाठी त्यांना मुद्दाम आवाज बसवलेला असतो, बारीक किणकिण करणारा. गाडी तपासून ताब्यात घेण्याचं काम माझ्याकडे. ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, चार्जरची जोडणी पाहिली, सगळं चोख. आवाज नाही. मी शेरा मारला, "आवाज येत नाही", आणि गाडी परत पाठवली. दुसरी आली, तीही परत. तिसरी, चौथी, तोच शेरा. चालक कोपऱ्यात उभे राहून एकमेकांकडे बघत होते. त्यांच्यातला एक जाडा, नेहमी चेष्टा करणारा, म्हणाला, "मास्तरांना आला नाही म्हणजे नाहीच आवाज. आमच्या कानांना कोण विचारतो!" मला वाटलं, माझी बाजू घेतोय. मी आणखी ताठ झालो.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरबाई आल्या. वाद घातला नाही, चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. सगळ्यांना चहाला पिटाळलं, आवाज मोजायचं मीटर माझ्या हातात दिलं आणि स्वतः गाडीत जाऊन बसल्या. गाडी माझ्याकडे येऊ लागली. मीटरवरचा आकडा चढायला लागला. गाडी जवळ आली, आकडा आणखी चढला. मी आकड्याकडे बघतोय, गाडीकडे बघतोय आणि माझ्या कानात काही नाही. नुसता वारा. त्या खाली उतरल्या. मी मीटर उलटं करून बॅटरी बघितली, माणूस कसा असतो बघ. त्या माझ्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि सावकाश म्हणाल्या, "माझ्या वडिलांचंही असंच झालं होतं. ते जहाजाच्या इंजिनावर होते." बस, एवढंच. परत पाठवलेल्या गाड्या त्यांनी गाजावाजा न करता मागवून घेतल्या. कोणी हसलं नाही. तो जाडासुद्धा नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग डॉक्टरकडे जाणं झालं. काचेच्या खोलीत बसवून कानाला टोप्या लावल्या आणि आवाज आला की बटण दाबायचं. मी बराच वेळ बटणावर बोट ठेवून बसलो होतो. मला वाटलं, यंत्र चालू व्हायचं असेल. ते कधीचं चालू होतं. नंतर आलेख दाखवला. आलेख मला वाचता येतात. रेघ थोडी सपाट जाते आणि मग धक्क्यावरून माणूस पाण्यात पडावा तशी खाली. डॉक्टर म्हणाले, जाड आवाज राहिलेत, बारीक गेलेत. तुमची उमर डिझेलच्या इंजिनांशेजारी गेली, त्यांनी ते नेले. ताई, इतकी वर्षं कळलं कसं नाही? तर यार्डात सगळेच ओरडून बोलायचे, नाहीतर हाताने खुणा करायचे. तिथे बहिरा आणि ऐकणारा यांत फरक तो काय! घरी तुझ्या भावजयीचा आवाज म्हणजे तुला माहीतच आहे, तिला क्रेनवरही भोंगा लागला नसता. इंजिनं एकेक करून बंद होत गेली, शांतता आली, आणि त्या शांततेत मी उघडा पडलो. सगळं यार्ड हळू बोलायला लागलं आणि मीच तेवढा ओरडत राहिलो.

समोरच्या माणसाचं मला कळतं, कारण मी त्याच्या ओठांकडे बघतो. हे मी करतो, हेही मला आता कळलं. अंधारात कळत नाही. पाठमोऱ्याचं कळत नाही. आणि फोनवर, ताई, बाईमाणसाचा आवाज येतो, चढतो, उतरतो, पण त्यात शब्द नसतात. भिंतीपलीकडे कोणी बोलावं तसं.

त्या रविवारी तू फोनवर खूप वेळ बोललीस. मध्येच थांबलीस, मग पुन्हा बोललीस. मी तीनदा विचारलं असतं तर तू तीनदा सांगितलं असतंस, पण माझा ताठा आडवा आला. "छान झालं, छान झालं," म्हणालो, "होऊ दे सगळं नीट." तू फोन ठेवलास. तू काय सांगितलंस ते मला माहीत नाही. एक अक्षरही नाही. भावोजींचं काही असेल, भाचीचं असेल, तुझं स्वतःचं असेल, मी सगळं मनात फिरवून पाहिलं आणि प्रत्येकाला 'छान झालं' जोडून पाहिलं. झोप उडते. तू ज्याला न्हाणीच्या दाराशी थांबायला शिकवलंस तो एवढा निर्दय नाही, हे सांगायला हे पत्र आहे. कानात बसवायचं यंत्र सांगितलंय, यायला वेळ आहे, पण तोवर मी थांबणार नाही. या पत्रामागोमाग मीच येतो. पुन्हा सांग, सगळं, पहिल्यापासून. खिडकीशी बस, तोंडावर उजेड येऊ दे. आणि ताई, रडू आलं तरी ओठांवर हात नेऊ नकोस.

तुझाच,
धाकटा